रंगाचं ऊन

यंदा पाऊस जायचं नावच घेत नव्हता. घट बसले तरी रावेतला आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर डबकी होतीच. मग परवा सकाळी चाकणच्या कंपनी-बसची वाट बघत चौकात उभी होते, आणि ओठांवरून जीभ फिरवली तर ते कोरडे लागले. वारा आला तो अंगाला चिकटला नाही. समोरच्या टपरीचा पत्रा नऊ वाजायच्या आतच तापून टकटक वाजायला लागला. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात आणि वैतागतात. आमच्या घरात या उन्हाला वेगळं नाव होतं, रंगाचं ऊन. हे नाव देणारी माणसं दोन. त्यातले अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वैशाखात गेले. दुसरे रशीदचाचा, दापोडीचे डेंटर-पेंटर. त्यांचे गुडघे आता त्यांना गॅरेजपर्यंतही नेत नाहीत. त्यामुळे हे ऊन यंदा माझ्या एकटीच्या वाट्याला आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते नको होतं.

जुन्या गाड्यांना जो जुना रंग लागतो, त्याला दमट हवा सोसत नाही. हवेत ओल असताना फवारा मारला की रंगावर पांढरट साय धरते आणि गाडी आजारी दिसायला लागते. नव्या गाड्यांना हे दुखणं नाही, त्यांचे रंग बंद खोलीत, भट्टीच्या उबेत वाळतात. रशीदचाचांकडे भट्टी कुठली? दापोडीत रुळांच्या अलीकडच्या गल्लीत, वर पत्रे टाकलेली जागा, एवढंच त्यांचं गॅरेज. म्हणून ते पाऊस संपायची वाट बघत आणि संपला की नाही हे मिठाला विचारत. डब्याच्या झाकणावर चिमूटभर जाडं मीठ टाकून ठेवायचं. सकाळी मीठ ओलसर लागलं तर आज रंग नाही. खडा खड्याला न चिकटता झाकणावर खुळखुळला, की चाचा हात धुऊन फवाऱ्याची गन काढायचे. हवामान खात्यापेक्षा आमचा त्या झाकणावर जास्त भरवसा होता.

परवा घरी आल्यावर मीही स्टीलच्या झाकणावर मीठ टाकून गॅलरीत ठेवलं. कशासाठी, कोण जाणे. सकाळी ते चांगलं खुळखुळलं. मी ते बेसिनमध्ये ओतून टाकलं आणि कामाला गेले.

अण्णा मूळचे बार्शीचे. शिकाऊ कामगार म्हणून पिंपरीच्या एका कंपनीत आले आणि टूलरूममध्ये, साचे घडवत, रिटायर होईपर्यंत राहिले. टूलरूमच्या माणसाचा स्वभाव वेगळाच असतो. आमच्या आकुर्डीच्या घरात भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी झाली तरी अण्णांना जेवण गोड लागायचं नाही. मला त्यांनी सायकल शिकवायच्या आधी कानस धरायला शिकवलं. "हात गोल फिरवायचा न्हाई. येका दिशेनं जा, उचल, परत ये. रेघ सरळ दिसली पायजे." कानशीला पॉलिश पेपर गुंडाळायचा, थेंबभर तेल सोडायचं आणि श्वास सोडता सोडता पुढं जायचं. सहावी-सातवीतली मुलगी हे का शिकते आहे, असा प्रश्न आईला पडायचा. मला नाही पडला. पुढं मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात चिकटले, ते याच शिकवणीवर. आजही नव्या गाडीचा दरवाजा बघितला की माझा अंगठा आपोआप फटीवरून फिरतो. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

आणि आमची पद्मिनी. अण्णांनी ती जुनीच घेतली होती, फिकट पिस्ता रंगाची. तिचा गिअर स्टीअरिंगला होता, सीटवर चौघं दाटीवाटीने मागे बसायचे आणि पाचवी मी, खिडकीशी उभी. उन्हात तापलेलं रेक्झिन, पेट्रोल आणि आईच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीचा मिळून जो वास व्हायचा, तो मला अजून बार्शीचाच वास वाटतो. घाट आला की अण्णा तिच्याशी बोलायचे. "चल गं बाई, एवढंच." ती एवढंच चालायची, मग वाफ सोडायची, मग आम्ही सगळे झाडाखाली बसून तिच्या निवण्याची वाट बघायचो. आज गाडी तापून थांबली तर माणूस रस्त्यावरच कंपनीला शिव्या घालतो. आम्ही डबा उघडायचो. मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. ती गाडी ब्रेकला वाईट होती, पावसात गळायची आणि हिवाळ्यात तिला ढकलून ढकलून आमचे खांदे भरून यायचे. तरी माझा तिच्यावर जीव होता.

मग नवी गाडी आली, तशी सगळ्यांकडे आली. पद्मिनी ताडपत्रीखाली गेली. तिची नोंदणी कधी संपली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आई गेली, आकुर्डीचं घर सोडून अण्णा माझ्याकडे रावेतला आले, आणि येताना गाडी टेम्पोला बांधून घेऊन आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाआडची जागा तिला मिळाली. तिथं एक दिवस, सात वर्षांपूर्वी, भाद्रपद लागताना अण्णा मला म्हणाले, "शैले, खंडेनवमीला कंपनीत जायचंय. हिला घेऊन."

खंडेनवमीला इथल्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूच्या माळा घालतात, कामगार बायकापोरांना घेऊन येतात, रिटायर झालेल्यांनाही त्या दिवशी गेट उघडं असतं. अण्णा दरवर्षी जायचे, रिक्षाने. पण तरुणपणी ते एकदाच पद्मिनीतून गेले होते, गाडी घेतली त्याच वर्षी, आणि गेटवरच्या वॉचमनने साहेब समजून सलाम ठोकला होता. ती गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. आता बाहत्तरी गाठल्यावर त्यांना पुन्हा एकदा, स्वतः चालवत, त्या गेटातून आत जायचं होतं. दुसरं काही मागितलंच नव्हतं त्यांनी माझ्याकडे.

त्यासाठी गाडी उभी करायला हवी होती आणि आरटीओत तिचं पासिंग व्हायला हवं होतं. त्याशिवाय ती रस्त्यावर आणणं अण्णांना मान्य नव्हतं. मी म्हटलं, एक दिवस कोण बघतंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी परत तो विषय काढला नाही.

त्या वर्षी पाऊस वेळेत गेला आणि दसरा उशिरा होता. मधले दिवस म्हणजे रंगाचं ऊन, अगदी हवं तसं. रशीदचाचांनी गाडी दापोडीला नेली. ते पत्रा ठोकायच्या आधी त्यावर बोटाने टिचकी मारून ऐकायचे. कुठं पोकळ, कुठं आधीच्या कुणी पुट्टी थापून ठेवलेली, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. "बेटा, पत्र्याला मारायचं नसतं. तो आपल्या जागेवर जायला तयार असतो, फक्त वाट दाखवायची." लाकडी हातोडा, खाली वाळूची पिशवी, मग ठक ठक ठक. रुळांवरून लोकल जाताना तो आवाज बुडायचा आणि ती गेली की पुन्हा वर यायचा. मी शनिवार-रविवार तिथं जाऊन बसायचे. अण्णा रोज.

तेव्हा वाटायचं, हे असंच चालू राहील. आज त्या गल्लीत टिचकी मारून ऐकणारं कुणी नाही. चाचांचे दोन्ही मुलगे मोठ्या बॉडीशॉपमध्ये आहेत. तिथं चेपलेला पत्रा कुणी सरळ करत नाही, काढतात आणि नवा लावतात. त्यात वाईट काही नाही, मुलांचे हात तरी शाबूत राहिले. पण चाचांचे हातोडे कुणी मागितले नाहीत. भोसरीत एक लेथवाले होते, कुठल्याही मरून गेलेल्या गाडीच्या सांध्यात बसणारा बुश बनवून द्यायचे. त्यांच्या जागी आता पार्सल पोहोचवणाऱ्यांचं गोदाम आहे. नवं पेट्रोल जुने रबरी पाइप खातं, पाइप मिळतात ते वर्षभर टिकत नाहीत. कार्बुरेटरची सेटिंग कानाने करणारी माणसं एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या मागे त्यांचे कान उरत नाहीत. आमच्या चाकणच्या लाइनवरून रोज चकचकीत गाड्या उतरतात, मीच त्यांच्या फटी तपासते. आणखी चाळीस वर्षांनी त्यातली एक तरी कुणाची लेक हाताने घासत बसलेली असेल का? मला नाही वाटत. त्यांचा मेंदू बंद पडला की त्या संपल्या, आणि तो मेंदू कानशीने दुरुस्त होत नाही.

घासणं. आता तेच सांगायचं आहे, इतका वेळ मी बाजूबाजूने फिरते आहे.

त्या शनिवारी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. चाचा नमाजाला गेले होते. मी गॅरेजमध्ये एकटीच. गाडीला बाहेरून अस्तराचा रंग बसला होता, बॉनेटखालचा भागही स्वच्छ झाला होता. फक्त इंजिनामागच्या पत्र्यावर, बॅटरीच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत घाणेरडं ग्रीस थापलेलं होतं. मी ते पुसलं. खाली गंज. बॅटरीच्या अ‍ॅसिडने खाल्लेला, खाचखळग्यांचा. एवढ्या देखण्या कामात हा डाग माझ्याच्याने बघवेना. मी कानस घेतली, पॉलिश पेपर गुंडाळला, तेल सोडलं. एका दिशेनं जा, उचल, परत ये. दोन तास लागले. आधी गंज गेला, मग खळगे गेले, मग पत्रा असा लखलखीत झाला, की त्यात माझं बोट दिसायला लागलं. अण्णांना दाखवायचं म्हणून मी किती खूश होते! मग त्यावर तेलाचा हात फिरवून मी घरी गेले. बॉनेट उघडल्यावर त्यांना अचानक दिसावं म्हणून सांगितलं मात्र नाही.

ते ग्रीस चाचांनी मुद्दाम थापलेलं होतं. गाडी रंगवताना ते नेहमीच असं करायचे, म्हणजे तिथं रंग धरत नाही. आणि तिथं रंग धरू द्यायचा नसतो, कारण त्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. मी जे खळगे समजून सपाट केले, त्यात गंजाने अर्धेमुर्धे बुजलेले सात-आठ आकडे होते. आम्ही बनवतो त्या गाड्यांचा नंबर काचेखाली असतो, सीटखाली असतो, जिथं हात पोचणार नाही तिथं असतो. जुन्या गाडीत तो इथं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. रोज दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेणारी बाई मी. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्या जागी पुन्हा ग्रीस थापलं. खाली काय उरलंय हे बघायला ते थांबले नसावेत, त्यांना मिठाची घाई होती.

पासिंगची तारीख सप्तमीची मिळाली. गाडी टेम्पोला बांधून नेली. अण्णा आणि चाचा टेम्पोत पुढे, मी माझ्या गाडीने मागे. पिस्ता रंग उन्हात असा खुलला होता, की रांगेतले ट्रकवाले खाली उतरून बघत होते. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तपासणीचे साहेब तरुण होते, भले होते. "काका, काय ठेवलीय गाडी!" असं म्हणून त्यांनी आधी मोबाइलवर फोटोच काढला. मग दिवे, ब्रेक, हॉर्न. मग बॉनेट उघडलं. चाचांनी फडक्याने ग्रीस पुसलं. नंबरचा ठसा घ्यायची रीत साधी असते, पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तशीच. साहेबांनी कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. कागद करडा झाला. त्यात बारीक बारीक सरळ रेघा उमटल्या. आकडा एकही नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा घासलं, थोडं वर, थोडं खाली. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. गाडीवर नंबराची एक पट्टीही असते, पण ती आधीच्या मालकाच्या काळातच पडून गेली होती. मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडणार, इतक्यात रशीदचाचा म्हणाले, "अण्णा, माझाच हात. ग्राइंडर फिरला असंल. गलती झाली, माफ करा."

आणि मी गप्प बसले.

किती क्षण असतील ते? फार तर चार. त्या चार क्षणांत मी बोलले असते तर पुढची सात वर्षं वेगळी गेली असती. मी बोलले नाही. साहेबांनी हळू आवाजात समजावलं, की नंबर नसलेली गाडी ते पास करू शकत नाहीत. अर्ज करा, प्रयोगशाळेत औषध लावून पुसलेला नंबर वर येतो का बघतात, आला तर पुन्हा ठोकायची परवानगी मिळते. त्यांचं काही चुकत नव्हतं. अण्णांनी तो रेघांचा कागद मागून घेतला, घडी घातली आणि इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

खंडेनवमीला अण्णा कंपनीत गेले नाहीत. रिक्षाने जा, मी सोडते, म्हटलं तर म्हणाले, "पाय दुखायला लागल्यात." त्यांनी पार्किंगमध्येच पद्मिनीची पूजा केली. हळदीकुंकू बॉनेटवर नाही लावलं. बॉनेट उघडून आत, त्या कोऱ्या पत्र्यावर लावलं. त्यानंतर ते कधीच त्या गेटातून आत गेले नाहीत.

अर्जाचं उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आलं, नंबर उठला नाही. अण्णा नुसतं "हं" म्हणाले. एवढं समपातळीत घासल्यावर काय उठणार, हे टूलरूमच्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. मी मात्र वेडी आशा धरून होते. अण्णांच्या पेटीत आकडे ठोकायचे पंच होते, शून्यापासून नऊपर्यंत, लाकडी खोबणीत ओळीने बसवलेले. त्यांनी आयुष्यभर साच्यांवर नंबर ठोकले होते. आणि जुन्या कागदपत्रांत, कधीकाळी पेन्सिलने घेतलेला खऱ्या नंबरचा ठसा होता. एकदा दुपारी मी धीर करून म्हटलं, "अण्णा, आपल्याकडे पंच आहेत. नंबर आपलाच आहे. चोरी थोडीच आहे?"

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "शैले, नंबर येकदाच ठोकायचा असतो. दुसऱ्यांदा ठोकला की तो नंबर न्हाई, नक्कल हाय." आणि आत जाऊन पडून राहिले.

रंगाच्या वेळी तो तळहाताएवढा पत्रा उघडाच राहिला होता. मी म्हटलं, आता तरी त्यावर रंग मारून घेऊ, गंजेल. अण्णा ठाम नाही म्हणाले. दर रविवारी खाली जायचे, बॉनेट उघडायचे आणि त्या पत्र्याला तेलाचा हात द्यायचे. दर दसऱ्याला कुंकू. मी वर गॅलरीतून बघायचे आणि माझा जीव तुटायचा. मला वाटायचं, ते माझ्यासमोर ती जखम उघडी ठेवतायत, कारण त्यांना संशय आहे आणि मी कबूल होत नाही. तुम्हीच विचारा ना एकदा, असं मी मनात म्हणायचे. ते विचारायचे नाहीत. चाचांशी मात्र त्यांचं वागणं जराही बदललं नाही, उलट दर ईदला ते आवर्जून दापोडीला जायचे. त्याने मला आणखी लाज वाटायची.

जुन्या गाड्यांवाले काही रविवारी आकुर्डीत जमतात. मिसळ खातात, बॉनेट उघडून एकमेकांची इंजिनं बघतात. अण्णा तिथं पायी जायचे, नंतर नंतर मी सोडायचे. गाडी नसलेला गाडीवाला. सगळे पन्नाशी-साठीच्या पुढचे. दरवर्षी एखादी गाडी कमी व्हायची, मालक गेलेला किंवा मुलगा परदेशी असलेला. चर्चा आधी रंगांची असायची, मग सांध्यांची झाली, इंजिनाच्या नव्हे, गुडघ्याच्या. तिथं येणारा त्यातल्या त्यात तरुण म्हणजे आमच्याच कारखान्यातला ओंकार. त्याने एका जुन्या गाडीचं छत कापलंय, पुढे भलंमोठं इंजिन बसवलंय, मागे रुंद चाकं. सुरू झाली की छातीत धडधडतं. एकदा मी ती बघायला चाकणजवळच्या त्याच्या शेडवर गेले होते. भिंतीच्या आतली ती जागा, आणि तीत टायरच्या काळ्या गोल खुणा.

"बाहेर काढता येत नाही मॅडम," तो म्हणाला. "कागदावर जी गाडी आहे ती ही नाही ना राहिली. मग इथंच गोल गोल फिरवतो. राव, किती जीव लावला, पण सरळ रस्ता काही हिच्या नशिबात नाही."

अण्णा गेल्यावर त्याच ओंकारने पद्मिनी मागितली. विजेची मोटर बसवतो म्हणाला, रूप तेच ठेवतो. त्याचं मन चांगलं होतं. पण मला त्या गोल खुणा आठवल्या. घाटात "चल गं बाई" ऐकणारी गाडी भिंतीच्या आत गरगर फिरणार, ही कल्पना मला सहन झाली नाही. मी नको म्हटलं. बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी अण्णांची पेटी उघडली. पंच होते तसेच, तेल लावून पुसलेले. त्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा तुकडा. त्यावर आमच्या पद्मिनीचा नंबर ठोकलेला, एकाखाली एक अशा ओळींनी. पहिल्या ओळींत आकडे हललेले, म्हाताऱ्या हाताचे. खाली खाली येताना सुधारत गेलेले. शेवटची ओळ मी जुन्या पेन्सिलच्या ठशाशेजारी धरून पाहिली. त्यातला सात जरा डावीकडे कललेला होता, इथंही तो तितकाच कललेला. तपासणीत मी ती ओळ डोळे मिटून पास केली असती. आणि पार्किंगमधला पत्रा कोराच होता. म्हणजे त्यांनी हे सगळं जमवून आणलं, हातात घेतलं आणि खाली जाऊन ठोकलं नाही. त्यांना त्या गेटातून किती जायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पेटीवर डोकं ठेवून रडले.

सोसायटीने खांबाआडची जागा आता चार्जिंगसाठी मागितली आहे. नोंदणी नसलेली गाडी ठेवायची तरी कुठं? शेवटी भंगारात द्यायचं ठरवलं, रीतसर, चाकणच्या पुढे सरकारमान्य केंद्र आहे तिथं. काल रशीदचाचांना फोन केला, नुसतं सांगावं म्हणून. तर ते म्हणाले, "मला घेऊन चल." आज त्यांना धरून गाडीत बसवलं. वाटेत चाकणच्या चौकात नेहमीसारखे अडकलो. दोन्ही बाजूंना नव्या गाड्या लादलेले ट्रेलर आणि पुढे टेम्पोला बांधलेली आमची पिस्ता. तिच्या काचेवर रंगाचं ऊन पडलेलं.

तिथं मी चाचांना म्हटलं, "चाचा, तो नंबर मी घासला होता."

ते समोरच बघत राहिले. "मला मालूम नसंल व्हय? मी तिथं ग्राइंडर नेलाच नव्हता."

"मग तुम्ही का अंगावर घेतलं?"

"तुझं तोंड बघवलं नाय, बेटा."

"अण्णांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही मला. ते गेले आणि मी तशीच राहिले."

चाचांनी माझ्याकडे वळून बघितलं. "त्यांना काय सांगणार होती तू? त्यांनी तिथंच ओळखलं. वापस येताना टेम्पोत कागद काढला, मला दाखवला. म्हणाले, रशीदभाई, तुमचा हात गोल फिरतो. ही रेघ बगा, कशी सरळ गेलीया. ही माज्या पोरीची रेघ हाय."

मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"मी म्हटलं, अण्णा, तिला बोलू नका. ते म्हणाले, बोलायचं काय त्यात, काम चांगलं केलंय. मग रडले थोडे. मला म्हणाले, तिला कळू द्यायचं नाय. आणि तो पत्रा रंगवू पण द्यायचा नाय."

भंगारात गाडी मोडायच्या आधी नंबरचा पत्रा कापून काढतात, तो कागदांसोबत जमा करावा लागतो. कटर हातात घेतलेल्या माणसाने बॉनेटखाली वाकून शोधलं आणि विचारलं, "ताई, नंबर कुठाय?" मी बोट ठेवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण कागद बरोबर होते, त्याने कापायला घेतलं. ठिणग्या उडत असताना चाचांनी माझा हात धरून ठेवला होता. तुकडा निघाला. त्यावर सात वर्षांचं तेल आणि कुंकू मिळून काळपट लाल थर बसलेला होता. मी ओढणीने तो पुसला. खाली माझ्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या सरळ.